नसबंदीनंतर कुत्र्याची शुश्रूषा

नसबंदीची शस्त्रक्रिया पशुवैद्य थोड्या वेळात उरकतो. परंतु जखम नीट भरून येणे पुढील 10 ते 14 दिवसांच्या शुश्रूषेवर अवलंबून असते. पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी कुत्रे बागडू लागते आणि येथेच धनी फसतो. वरची कातडी सांधलेली दिसली, तरी आतील जखम कच्चीच असते. म्हणून धावणे, उड्या मारणे व स्नान वर्ज्य समजावे. जखम चाटू नये यासाठी गळ्यात नरसाळ्याच्या आकाराचा पट्टा बांधावा. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कदापि देऊ नयेत. त्या विषवत् ठरू शकतात. रक्तस्राव, पू, वाढती सूज, फिकट हिरड्या किंवा 24 तास अन्नाला तोंड न लावणे, यांपैकी काहीही आढळल्यास पशुवैद्यास तत्काळ गाठावे. मुक्या जिवाला दुखणे सांगता येत नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ जखम पाहणे हे धन्याचे कर्तव्य होय.