बाळंतिणीच्या खोलीतलं संशोधन

पाचवी-सटीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही आणि बाळाजवळ कुणीतरी जागं राहायचं. आपल्या मंडळातल्या आज्या हे अजून सांगतात. हैदराबादेत तीन-चार पिढ्या काढलेल्या घरांतही ही पूजा होते. त्या जागरणामागे श्रद्धा होती आणि अनुभवही होता, कारण बाळं दगावायची ती बहुतेक याच दिवसांत.

लहान मुलांच्या आजारांवरचं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोठं इस्पितळ, काचेच्या पेट्या आणि पांढरे कोट येतात. पण या विषयातलं एक फार महत्त्वाचं काम आपल्याच शेजारी, प्राणहिता ओलांडली की लागणाऱ्या गडचिरोली जिल्ह्यात आणि तेही बाळंतिणीच्या खोलीत झालं. आपल्यातली काही कुटुंबं तिकडचीच आहेत, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. पहिला शत्रू होता न्यूमोनिया, ज्याला घरोघर ‘पोटात आलंय’ म्हणायचे. तो ओळखायचा तर बाळाचे श्वास एक मिनिट मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, मोठ्या मुलाचे 50 किंवा जास्त भरले तर धोका. पण गावातल्या दाया कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पन्नासपर्यंत मोजणार कशा? मग एक साधन तयार झालं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लहान बाळाच्या ओळीत पाच हिरवे आणि एक लाल, मोठ्याच्या ओळीत चार हिरवे आणि एक लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. आम्हाला या सगळ्या कामात हा लाल मणी सर्वांत आवडतो. दाईला अडाणी ठरवून बाजूला सारणं सोपं होतं. तिच्या दहा बोटांत बसेल असं शास्त्र करणं अवघड होतं. ज्या गावांत न्यूमोनिया असा ओळखून लगेच औषध दिलं गेलं, तिथे त्या आजाराचे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत 54 टक्क्यांनी कमी निघाले. हे 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

तरी पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. का, हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं, कारण ती घरात जन्मत आणि घरातच जात. इस्पितळाच्या वहीत त्यांची नोंदच नसे. म्हणून 39 गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना तयार केलं. 1995-96 या वर्षात त्यांनी घरोघर जाऊन 763 नवजात बाळांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसलं की शंभरात बेचाळीस बाळं अडीच किलोपेक्षा हलकी होती आणि जवळजवळ निम्म्यांना पहिल्या महिन्यात गंभीर त्रास झाला. डॉक्टरपर्यंत पोचलेली मात्र शंभरात तीनसुद्धा नव्हती.

पुढच्या टप्प्यात याच बायकांनी उपचार हाती घेतले. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, ऊब, अंगावरचं दूध नीट पाजणं, वजन करणं. सर्वांत वादाचा भाग होता रक्तातल्या जंतुसंसर्गाचा, म्हणजे सेप्सिसचा. रडणं क्षीण झालं, दूध ओढेनासं झालं, अंग सैल पडलं, हाताला गार किंवा तापलेलं लागलं, अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकदम दिसल्या, की पालकांच्या संमतीने प्रतिजैविकाचं इंजेक्शन आणि तोंडाने औषध, घरीच. गावातली बाई बाळाला सुई टोचणार, ही कल्पना त्या काळी भल्याभल्यांच्या पचनी पडण्यासारखी नव्हती.

इथे एक प्रश्न आम्हालाही टोचतो. तुलनेसाठी 47 गावं अशी होती जिथे फक्त नेहमीची सरकारी सेवा होती. हे न्याय्य होतं का? त्या बाळांचा विचार मनातून जात नाही. पण घरी दिलेल्या इंजेक्शनने बाळं वाचतील की उलट अपाय होईल, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तुलनेची गावं नसती तर मृत्यू घटले ते चांगल्या पावसापाण्याने, रस्त्याने की उपचाराने, हे ठरवता आलं नसतं. आकडे असे आले: या 39 गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 62 पहिल्या महिन्यात जात, ते तिसऱ्या वर्षी 25.5 वर आलं. तुलनेच्या गावांत 58 होते, ते 59.6 झाले. सेप्सिस झालेल्या शंभरांपैकी पूर्वी सोळा-सतरा बाळं जात, आता तीनच्या आत. डिसेंबर 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये आलं. 2011 पासून देशभर आशाताई नवजात बाळाला घरी जाऊन पाहतात, ती योजना याच कामातून उभी राहिली.

आता आपल्या घरचं. आपल्याकडे बाळंतपणं दवाखान्यातच होतात, पण बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी येतं आणि वर सांगितलेल्या खुणा घरातच दिसतात. त्यांतली एक जरी दिसली तरी ‘बघू सकाळी’ म्हणू नये, रात्रीच निघावं. बाळ शांत निजलेलं असताना श्वास मोजायला मोबाइलचं घड्याळ पुरतं.

आणि कधी डॉक्टरांनी आपल्या मुलाला अभ्यासात घेऊ का, असं विचारलं तर लगेच होही म्हणू नका आणि घाबरूनही जाऊ नका. नैतिकता समितीची परवानगी आहे का, नाही म्हटलं तर नेहमीचे उपचार चालू राहतील ना, अपाय झाल्यास जबाबदारी कुणाची, हे विचारा. उत्तर मराठीत हवं असेल तर तसं मागा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात वर्षांवरच्या मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरच्याची लेखी तयारीही घ्यावी लागते. तेव्हा आईबाबांनी सही करण्याआधी कागद त्याच्यापुढेही ठेवावा.