वाढदिवसाची गाडी

परवा आमच्या बचत गटाची बैठक झाली. दर महिन्याला शंभर-शंभर रुपये जमा करायचे, वहीत सह्या घ्यायच्या आणि कुणाला कर्ज हवं असेल तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं, अशी आमची पद्धत. वही माझ्याकडे असते. त्या दिवशी एकीनं तीन हजार मागितले. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं, तर म्हणाली, "घरखर्च लिहा." आमच्याकडे घरखर्च म्हणजे बहुतेक दवाखाना, नाहीतर शाळेची फी. मी लिहिलं. चहाच्या वेळी तिच्या शेजारणीनं हळूच सांगितलं, "अहो ताई, पोराचा पाचवा वाढदिवस आहे. बसून चालवायची बॅटरीची गाडी घ्यायचीय तिला."

मला रागच आला. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई, नवरा हमाली करतो, आणि व्याजानं पैसे काढून खेळणं? सगळ्या गेल्यावर तिला थांबवून घेतलं आणि चार शब्द सुनावले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमच्या पुतण्याच्या वाढदिवसाला माझा पोरगा आला होता ना, तेव्हा त्या गाडीत बसायला तासभर रांगेत उभा होता. त्याची पाळी आली आणि केक कापायला बोलावलं. तेव्हापासून एकच धोशा लावलाय त्यानं."

मैत्रिणींनो, काय बोलणार मी? ती गाडी मीच घेतली होती. का, तर समोरच्या बंगल्यातल्या नातवाला तशीच आली होती. पुतण्या आठ दिवस बसला त्यात. नंतर चार्जिंगला लावायचं राहून गेलं, बॅटरी महिनोन् महिने रिकामी पडून बाद झाली. आता गाडी गच्चीवर आहे, तिच्यात कपड्यांच्या चिमट्यांची टोपली ठेवतो. ती दुरुस्त करून देऊ का, असं विचारलं, तर पटकन म्हणाली, "नको ताई. जुनी दिलेली त्याला कळते." हे मला आधी सुचायला हवं होतं.

आपण खेळणी निवडतो कशी, हे त्या रात्री मनात घोळत राहिलं. टीव्हीवरची जाहिरात बघून, शेजाऱ्यांकडे बघून, खोक्याच्या आकारावरून. देणाऱ्याचं नाव व्हावं एवढं मोठं खोकं हवं! त्यात रिटर्न गिफ्टची नवी पद्धत. तीस मुलांना तीस प्लॅस्टिकच्या वस्तू, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वस्तू गल्लीत तुटून पडलेल्या. खोक्यावर वय लिहिलेलं असतं, ते मात्र वाचत नाही. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहितात, त्यामागे सुटणारे छोटे भाग घशात अडकण्याची भीती असते. त्याहून वाईट गोल चपटे सेल. बोलक्या बाहुलीत, चमकणाऱ्या भोवऱ्यात ते असतात. मुलानं असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का, एवढं तरी दुकानातच बघून घ्यावं.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं बिनखुणेची दिसली म्हणून कुणी नाक मुरडू नये. आणि विकतच घ्यायला हवं असंही कुठं आहे? अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे तुकडे जोडून मुलांना त्रिकोण-चौकोन करायला शिकवले. पुण्याला आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात ते कितीतरी वर्षं टाकाऊतून खेळणी करत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं मी तिला उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "ते करू हो नंतर. पण वाढदिवसाला काड्या कशा देऊ?" तिचंही बरोबर होतं.

कर्ज मंजूर झालं. वस्तू घ्यायला तिनं मलाही नेलं. बसायच्या गाड्या साडेचार हजारांच्या पुढं. एक स्वस्तातली होती, पण खूण कुठं आहे म्हणून विचारलं, तर दुकानदार इकडचं तिकडचं सांगायला लागला. पोरगं त्या गाडीला चिकटून उभं! तिनं खाली वाकून चाकं चाचपली, मागं कोपऱ्यात लावलेल्या सायकलींकडं बघितलं. "ही केवढ्याला?" सव्वीसशे. सीट वर-खाली करून बघितली, आणि दुकानदाराला विचारलं, "आठ वर्षांचा होईपर्यंत चालंल ना?" मी एक शब्द बोलले नाही. खरं तर तोंडाशी आलं होतं.

पोरगं घरी जाईपर्यंत रडलं. वाढदिवसाला फुगे लावले, शिरा केला, गल्लीतली सगळी पोरं आळीपाळीनं सायकलवर बसली. आमचा पुतण्याही गेला होता. गुडघा फोडून घेऊन आला, पण खूश होता.

या महिन्याच्या बैठकीला तिचा पहिला हप्ता वेळेवर आला. मी वही उघडली, तशी ती माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागली. म्हणाली, "ताई, ते घरखर्च खोडा. सायकल लिहा."