परदेशातला स्कार्फ, आजीची साडी आणि चुकीचा धागा

नेट-पेटच्या तयारीत सॅम्पलिंग, कंट्रोल आणि व्हॅलिडिटी हे तीन शब्द आपण सगळेच पाठ करतो. मीही केले, मार्कही मिळवले. पण ते खरे कळले परदेशातून आणलेल्या एका स्कार्फमुळे. आणि कळायच्या आधी मी एका विणकराच्या प्रामाणिकपणावर शंका घेऊन मोकळी झाले होते. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हा लेख.

चिठ्ठीवरचे तीन दावे

कॉन्फरन्ससाठी जर्मनीला गेले होते. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, पण बऱ्याच शहरांत जुना बाजार भरतो. जुने कोट, मोठ्या डिझायनरांची नावं असलेल्या पर्स, घड्याळं, भांडी, सगळं टेबलांवर मांडलेलं. त्यात मधाच्या रंगाचा एक स्कार्फ दिसला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: तसर सिल्क, हातमाग, भारत. किंमत ४० युरो. घासाघीस करून २५ ला घेतला.

मी भंडारा जिल्ह्यातली. मोहाडी-आंधळगावचा कोसा बघतच मोठी झाले. एवढ्या लांब आपला कोसा भेटला, या आनंदात मी चिठ्ठी वाचली आणि मान्य केली. आता तुम्ही ती परत वाचा. धागा कशाचा, विणलं कसं आणि कुठे, असे तीन वेगळे दावे त्यात आहेत. मी तिन्ही मिळून एकच समजले. रिसर्च पेपर वाचतानाही आपण हेच करतो.

कंट्रोल घेतला, पण कुठला धागा?

घरी आल्यावर जळण्याची चाचणी करायचं ठरवलं. ही चाचणी सोपी आहे. रेशीम म्हणजे प्रथिन, त्यामुळे ते जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. कापूस आणि व्हिस्कोस म्हणजे सेल्युलोज, त्यांना कागद जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. (चाचणी करायचीच तर एकच धागा चिमट्यात धरा, जवळ पाणी ठेवा. दुकानात करू नका.)

तुलनेसाठी खात्रीचा नमुना हवा, म्हणून आजीची करवत काठी साडी काढली. आंधळगावच्या एका विणकर काकांकडून घेतलेली. साडी खराब होऊ नये म्हणून कडेचा सुटलेला धागा घेतला आणि जाळला. कागदाचा वास!

मला धक्काच बसला. आजीने पै-पै जमवून घेतलेली साडी नकली? मी रागारागात आईला सांगितलं, आईने मावशीला, आणि दोन दिवसांत गोष्ट त्या काकांपर्यंत गेली. मी भेटायला गेले तेव्हा ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काठ तं सुताचाच रायते न वो पोरी. मधातला धागा पाह्य."

करवत काठीची ओळखच ही आहे. अंग कोशाचं, काठ सुती. काठ आणि अंग यांचे बाणे वेगवेगळ्या धोट्यांनी चालतात आणि जिथे भेटतात तिथे एकमेकांत अडकतात. त्यातून करवतीच्या दातांसारखी नक्षी तयार होते, म्हणून हे नाव. मी नेमका काठाचा धागा जाळला होता. चाचणी बरोबर, निष्कर्षही त्या धाग्यापुरता बरोबर. चूक सॅम्पलिंगची होती. सोयीचा धागा मी साऱ्या साडीचा प्रतिनिधी मानला. आणि त्या चुकीची किंमत मी नाही, काकांच्या नावाने मोजली असती. अशा गावात विणकराचं नाव हेच त्याचं दुकान असतं.

स्कार्फचं काय झालं?

आता शहाणी होऊन स्कार्फचे ताणा आणि बाणा असे दोन्ही धागे घेतले. बाण्याला केसांचा वास आला. ताणा वितळला, मणी झाला. एकच धागा घेतला असता तर "अस्सल" किंवा "नकली" यांपैकी एक उत्तर मिळालं असतं, आणि दोन्ही चुकीची.

मग लॅबमध्ये एफटीआयआर केलं. ताण्यात १७१५ च्या आसपास एस्टरचं शिखर आलं, म्हणजे पॉलिस्टर. बाण्यात प्रथिनाची अमाइड शिखरं होती आणि ९६५ जवळ एक छोटं शिखर. हे महत्त्वाचं आहे. तुतीच्या रेशमात ग्लायसिन आणि अ‍ॅलनिन आलटून-पालटून येतात. जंगली रेशमात अ‍ॅलनिनच्या सलग साखळ्या असतात, आणि ९६५ चं शिखर त्यांचं. म्हणजे बाणा खरंच जंगली रेशमाचा होता.

मग तो आपल्याकडचा का? इथे थांबावं लागतं. आपल्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणारी अळी अँथेरिया मायलिटा. चीनमध्ये ओकच्या पानांवर वाढणारी अँथेरिया पर्नी. दोघींच्याही रेशमात अ‍ॅलनिनच्या साखळ्या आहेत. माझ्या चाचणीने देश कळत नाही, हातमाग की यंत्रमाग हेही कळत नाही. व्हॅलिडिटी म्हणजे हेच: चाचणी ज्या प्रश्नाचं उत्तर देते, तेवढंच तिच्याकडून घ्यायचं.

तीन प्रश्न, तीन खुणा

आपल्याकडच्या खुणाही अशाच वेगवेगळ्या आहेत. २००४ पासूनचा सिल्क मार्क शुद्ध रेशीम आहे एवढं सांगतो. २००६ पासूनचा हँडलूम मार्क हातमागाबद्दल बोलतो. गावाचं आणि परंपरेचं नातं सांगतं ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. त्याचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. करवत काठीला हे मानांकन आहे. एक खूण पाहून बाकी दोन प्रश्नांची उत्तरं गृहीत धरू नका.

उलटंही घडतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचा उल्लेख केला नाही. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय मिळालेला आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. भारतातल्या जीआयचं संरक्षण आपोआप इटलीत लागू होत नाही. म्हणजे जुन्या बाजारात न तपासलेला दावा असतो, तर मोठ्या मंचावर कधी कधी करायलाच हवा तो दावा नसतो. वाचताना दोन्ही शोधा.

तुमच्यासाठी अभ्यास

घरातलं कुठलंही लेबल असलेलं कापड घ्या. वहीत तीन रकाने करा: दावा काय, कोणत्या चाचणीने तपासणार, आणि ती चाचणी काय सांगू शकणार नाही. तिसरा रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. सिनॉप्सिस लिहिताना हाच रकाना आधी भरा. गाइडचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

राहिलं एकच. काकांची माफी मी मागितली. आई आणि मावशीलाही फोन करून सांगितलं की चूक माझी होती, कारण चुकीचा निष्कर्ष जिथपर्यंत गेला तिथपर्यंत दुरुस्तीही जायला हवी. आजीच्या साडीचा मधला धागाही नंतर जाळून पाहिला. केसांचाच वास आला.