जांभ्याची भिंत, चुन्याचा गिलावा आणि एक रिसर्च क्वेश्चन

महाड-पोलादपूरच्या पावसात वाढलेल्यांना ओल म्हणजे काय ते सांगायला नको. जून लागला की भिंतीला पोपडे सुटतात, पाऊस गेला की आपण सिमेंट थापतो आणि पुढच्या जूनला पोपडे पुन्हा हजर! जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकापुढेही प्रश्न ओलीचाच आहे. रिसर्चचा प्रश्न कसा मांडायचा, हे त्यावरून छान समजतं.

१५९४ मध्ये या चर्चचं बांधकाम सुरू झालं. भिंती जांभ्याच्या आहेत. १९८६ पासून ते जागतिक वारशात आहे, पण ते म्युझियम नाही. तिथे आजही प्रार्थना होते आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताला प्रचंड गर्दी होते. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, बाहेरच्या भिंतींवरचा चुन्याचा गिलावा काढला गेला. अलीकडे चर्चमधूनच 'दगड झिजतोय, गिलावा परत करा' अशी मागणी झाली. पण दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च लालच पाहिलंय. अनेकांना तेच त्याचं खरं रूप वाटतं.

आता विज्ञान बघू. जांभा म्हणजे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा सच्छिद्र दगड, भोकांमध्ये मऊ माती. पावसाच्या माऱ्याने ती माती धुपते आणि दगड पोकळ होत जातो. चुन्याचा गिलावा हा मारा स्वतः झेलतो. तो झिजतो, दगड वाचतो. शिवाय आत शिरलेली ओल त्यातून बाहेर पडू शकते. सिमेंट त्यामानाने घट्ट. ओल आत कोंडते, क्षारांचे स्फटिक होतात आणि ते आतून दगडच फोडतात.

मग 'चर्चला गिलावा करावा का?' हा रिसर्च क्वेश्चन झाला का? नाही. त्यात दोन प्रश्न अडकलेत. पहिला मोजता येतो: ओलं-सुकं होण्याच्या ठरावीक फेऱ्यांनंतर उघडा, चुना लावलेला आणि सिमेंट लावलेला जांभा यांच्या वजनात किती घट होते? तिन्ही सॅम्पल एकाच खाणीतली हवीत, आणि उघडा दगड हा तुमचा कंट्रोल. दुसरा प्रश्न, चर्च कसं दिसावं, हा तिथे जाणाऱ्या लोकांचा आहे. त्याचं उत्तर वजनकाटा देणार नाही, त्यासाठी लोकांशीच बोलावं लागेल. प्रपोजलमध्ये हे दोन प्रश्न एकत्र केलेत, तर गाईड पहिल्याच मीटिंगला पकडतील.

मर्यादाही आधीच लिहा. खाणीतून काढलेला ताजा चिरा म्हणजे चारशे पावसाळे खाल्लेला दगड नव्हे.

सराव करायचाय? गावातलं जुनं देऊळ, मशीद किंवा वाडा निवडा. परवानगी घ्या. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी ओल जमिनीपासून किती वर चढली ते टेपने मोजा, तारीख घाला, त्याच जागेवरून फोटो काढा. चुन्याची एक आणि सिमेंटची एक भिंत मिळाली तर फारच उत्तम, फक्त दोघींची दिशा सारखी बघा. नाहीतर तुम्ही मोजाल वाऱ्याबरोबर येणारा पाऊस आणि श्रेय द्याल चुन्याला.

या नोंदी दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवा. सिमेंटची पोती उतरण्याआधी दाखवल्यात, तर त्यांचा उपयोग होईल.