मुकं नाही हो, मांजर आहे

कळंब-उमरग्याच्या आडत बाजारात मांजराला कुणी पाळत नाही आणि कुणी हाकलतही नाही. पोत्यांच्या थप्प्यांमागे उंदीर असतात, उंदरांमागे मांजरं असतात, एवढाच तो करार. अशा जागेवरून कुत्र्यांच्या तावडीतून सुटलेलं एखादं पिल्लू किंवा पाय दुखावलेली मनी कुणीतरी पिशवीत घालून घरी आणतं. जखम भरते, अंगावर मांस धरतं, पण महिना उलटला तरी तोंडातून आवाज फुटत नाही. मग शेजारपाजारचे वैद्य जमतात. ‘मुकं हाय बघा.’ ‘बहिरं असंल.’ ‘धसका घेतलाय त्यानं.’ यातलं शेवटचं थोडंफार खरं असू शकतं. पहिली दोन निदानं बहुतेक वेळा चुकतात.

आधी ‘मुकं’ घेऊ. जन्मतः आवाजच नाही असं मांजर फार विरळा. मुळात म्याव हा मोठ्या मांजरांचा आपसातला आवाज नव्हेच. पिल्लू आईला हाक मारताना म्याव करतं. मोठी झाल्यावर मांजरं एकमेकांशी वास, शेपटी, कान आणि नजर यांवरच भागवतात. भांडणात फिस्कारणं आणि माजावर आल्यावर रात्र जागवणं असतंच, पण ते वेगळे आवाज. मोठ्या मांजराचं म्याव जवळजवळ सगळं माणसासाठी असतं. मिल्ड्रेड मोल्क या संशोधिकेने १९४४ मध्ये घरगुती मांजराच्या आवाजांची यादी केली, तेव्हा सोळा प्रकार वेगळे काढले. म्यावचे बरेचसे प्रकार माणसाकडे काहीतरी मागण्याचे निघाले. कॉर्नेल विद्यापीठातल्या निकोलस निकास्त्रो यांनी २००४ मध्ये घरगुती मांजरं आणि आफ्रिकी रानमांजरं यांचे आवाज लोकांना ऐकवले. लोकांना घरगुती मांजरांचे आवाज जास्त गोड वाटले. हजारो वर्षं माणसाजवळ राहून मांजराने आपल्या कानांना भावेल असा आवाज कमावला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता आडतीवरच्या पिल्लाकडे पाहा. मांजर माणसाळण्याचा काळ फार छोटा असतो: जन्मानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत. या दिवसांत ज्याला माणसाचा हात, वास, आवाज मिळाला नाही, त्याच्या लेखी माणूस हा हाक मारण्याजोगा प्राणीच नसतो. शिवाय मांजर हा एकट्याने शिकार करणारा छोटा प्राणी, आणि मोठ्या जनावरांची शिकार होणाराही. बाजाराच्या आवारात ओरडणं म्हणजे कुत्र्यांना आपला पत्ता देणं. गप्प राहिलेली पिल्लं वाचतात. त्यातलंच एक तुमच्या घरी आलेलं असतं, आणि ज्या सवयीने त्याचा जीव वाचला ती सवय एकदम कशी सुटेल?

इथे एक पोटगैरसमज सांगायला हवा. कोपऱ्यात सापडलेलं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सातचा आकडा सोडला तर बाकीचं बरोबर आहे. मादी धोका वाटला की एकेक पिल्लू तोंडात धरून जागा बदलते, आणि अधल्यामधल्या वेळेत एखादं एकटं दिसतं. पिल्लू गरम आणि पोट भरलेलं असेल, तर काही तास लांबून पाहावं. आई नेईलही.

‘बहिरं असंल’ यात तर उलटंच घडतं. बहिऱ्या मांजराला स्वतःचा आवाज कळत नाही, म्हणून ते बरेचदा मोठ्याने ओरडतं. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण जास्त आढळतं. चार्ल्स डार्विननेही १८५९ च्या आपल्या ग्रंथात याची नोंद केली होती. पण तुमची मनी करडी-पट्टेरी असेल तर त्या वाटेने जायचं कारणच नाही. तपासायचं असेल तर ती पाठमोरी बसलेली असताना लांबून कॅरीबॅग चुरगाळा. टाळी नको, हवेचा धक्का लागतो. कान जरासा जरी वळला तरी ऐकू येतंय. मांजराला सुमारे ६४ हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपली हद्द २० हजारांची. त्यामुळे मनी तुमच्या हाकेला दाद देत नसेल तर तो प्रश्न कानांचा नसतो. जपानमधल्या अभ्यासांत मांजरं मालकाचा आवाज आणि स्वतःचं नाव ओळखतात हे दिसलं आहे. ओळखतात म्हणजे येतात, असं नाही.

न बोलणारं मांजर काही सांगतच नाही, हाही समज टाकून द्यावा. शेपटी दांडीसारखी उभी करून ते तुमच्याकडे आलं, तर ते मैत्रीचं अभिवादन आहे. कधी तोंड उघडतं पण आवाज येत नाही. धडधाकट मांजरंही असं करतात. आणि डोळे. आपल्याकडे मांजराच्या मिटल्या डोळ्यांवर लबाडीचा शिक्का बसला आहे, तो दुधाच्या म्हणीमुळे. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात मालकाने मांजराकडे पाहून सावकाश डोळे अर्धे मिटले की मांजरही तसंच करतं, आणि परक्या माणसाने असं केलं तर त्याच्या हाताजवळ यायला अधिक राजी होतं, असं आढळलं. पाव्हण्यारावळ्यांसमोर हा प्रयोग केला तर लोक तुमच्याकडेही विचित्र नजरेने पाहतील, तेवढं सोसावं.

यापुढचा गैरसमज मात्र जिवावर बेततो: ‘दुखत असतं तर ओरडलं असतं.’ नाही ओरडत. मांजर दुखणं लपवतं. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे, हेही नेहमी खरं नाही. जखमी आणि विणारी मांजरंही घुरघुरतात. म्हणून माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत पाच गोष्टी पाहतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक झालेत का, नाका-तोंडाभोवती ताण आहे का, मिशा ताठ आणि पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. गप्प मांजर पाळणाऱ्याने एवढं तरी शिकून घ्यावं.

पहिल्यापासून न बोलणारं मांजर आणि बोलता बोलता गप्प झालेलं मांजर, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्याला दवाखान्यात न्यायचं. आवाज घोगरा झाला आणि शिंका येत असतील तर सर्दीचा विषाणू असू शकतो. बोका परत परत लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर रात्र उलटू देऊ नका. अडकलेल्या लघवीने एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते आणखी खालावतं. एप्रिल-मे मध्ये इथला पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर ‘सुस्तावलेलं’ नसतं, त्याला उष्माघात होत असतो.

आपल्या जिल्ह्यात पशुवैद्यकीय दवाखान्यांसमोर गाई-म्हशी आणि उस्मानाबादी शेळ्यांची रांग असते, मांजर क्वचित. तरी न्यावं. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. जे करू नये ते म्हणजे घरातला उपचार. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, कारण त्याच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. गोठ्यातल्या गोचिडांवरचं औषध पिसवांसाठी मांजराच्या अंगाला चोळणंही तितकंच घातक. त्यातल्या अनेक औषधांत पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं असतात, आणि माणसागुरांना सोसतं ते मांजराला सोसत नाही.

दुधाचं थोडक्यात. भूमकडे खव्याच्या भट्ट्यांभोवती मांजरं घुटमळतात म्हणून दूध हेच त्यांचं अन्न असं मानलं जातं. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. दूध-चपातीवर मांजर नीट जगत नाही. टॉरिन हा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर दृष्टी आणि हृदय दोन्ही जातात. शाकाहारी घरात मांजराचं तयार खाद्य आणणं हा सोपा मार्ग.

‘गरीब आहे, चावायचं नाही’ हेही गृहीत धरू नका. आवाज न करणारं घाबरलेलं मांजर फिस्कारण्याचा इशाराही न देता चावू शकतं. उपऱ्या मांजराने चावा घेतला किंवा रक्त निघेल असं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे रेबीजची लस त्वचेत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. रेबीजचा एक प्रकार पिसाळण्याचा नसून लुळं, गप्प पडण्याचा असतो, म्हणून ‘शांत होतं की’ हा पुरावा चालत नाही. मांजराला स्वतःलाही तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोचून घ्यावी.

राहिला शेजारणींचा आवडता सल्ला: ‘सोबतीला दुसरं आणा, बोलायला लागंल.’ दोन मांजरं एकमेकांशी म्याव करत नाहीत, हे वर आलंच आहे. उलट नव्या मांजराच्या धाकाने पहिलं आणखी आत दडून बसतं. आणायचंच असेल तर आधी वेगळी खोली, मग एकाच्या अंथरुणाचं फडकं दुसऱ्याजवळ, आणि भेट त्यानंतर. बोलकं करायचं असेल तर जेवणाची वेळ ठरवून ताटली ठेवताना तुम्हीच रोज दोन शब्द बोला, उचलून छातीशी धरू नका, लपायला एक खोकं कायम राहू द्या. काही मांजरं महिन्यांनी, काही वर्षाने ताटलीपाशी एखादा बारीक आवाज काढतात. काही कधीच काढत नाहीत, आणि तरी पहाटे तुमच्याच पायाशी झोपलेली सापडतात.