तेल पाजू नका, धूळ पुसा

चामड्याच्या सीट असलेली एखादी पाच-सात वर्षे वापरलेली गाडी घ्या आणि पुढच्या दोन्ही सीट नीट पाहा. चामडे एकाच प्रतीचे, वय एकच, सोसलेले ऊनही जवळपास सारखेच. तरीही चालकाच्या सीटची दाराकडची कड चकाकू लागलेली असते, तिच्यावर सुरकुत्या पडलेल्या असतात, कुठे कुठे रंगही उडालेला असतो. शेजारची सीट मात्र पुष्कळच धड असते. चामडे केवळ कोरडे पडल्यामुळे खराब होत असते, तर दोन्ही सीट बरोबरीने तडकल्या असत्या. तसे होत नाही, कारण खरी नासाडी चढता-उतरताना होणारे घर्षण, अंगाचा घाम आणि कपड्यांवरची धूळ करत असते. चामड्याच्या निगेचा विषय निघाला की दुकानदार पहिल्यांदा कंडिशनरची बाटली पुढे करतो. पण आजच्या बहुतेक गाड्यांच्या बाबतीत सीट स्वच्छ ठेवणे हीच खरी निगा आहे. कंडिशनरचा क्रमांक त्यानंतर लागतो.

याचे कारण हे चामडे तयार होण्याच्या पद्धतीत आहे. गाड्यांसाठीचे कातडे बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी किंवा ग्लुटराल्डिहाइडसारख्या रसायनांनी कमावतात. मग मोठ्या फिरत्या पिंपांत त्याला रंग देतात आणि पाण्यात मिसळलेली तेले त्याच्या तंतूंमध्ये मुरवतात. चामड्याचा मऊपणा इथेच ठरतो. त्यानंतर वरून रंगद्रव्याचे हात आणि शेवटी बहुधा पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर बसवतात. हा लेप अगदी पातळ असतो. चामड्याच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार तो ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर त्या मालाला चामडे म्हणता येत नाही. पण पातळ असला, तरी आपला हात लागतो तो या लेपालाच. वरून चोळलेले तेल आत फारसे पोहोचत नाही. ऑइलपेंट दिलेल्या भिंतीला पाणी पाजण्यासारखाच तो प्रकार आहे. जपायचा आहे तो हा लेप. तो शाबूत असेल तोवर खालचे चामडे सुरक्षित राहते.

या लेपाचे शत्रू रोज गाडीत येत असतात. रस्त्यावरच्या धुळीतले बारीक कण कापड आणि सीट यांच्यामध्ये सापडले की पॉलिशपेपरचे काम करतात. घामातले क्षार आणि त्वचेवरचा तेलकटपणा लेपावर साचून त्याला हळूहळू मऊ आणि चिकट करतात. मग त्यावर आणखी धूळ बसते. जीन्सचा निळा रंग सुताला पक्का बांधलेला नसतो, तो धाग्याच्या पृष्ठभागावरच राहतो. म्हणून नवी जीन्स घालून बेज रंगाच्या सीटवर बसले की निळसर डाग उमटतात. ते वेळीच निघाले नाहीत, तर लेपात मुरतात. बहुतेक सीटचे चामडे कारखान्यातून येते ते मंद, बिनचकाकीचे. वापरानंतर आलेली चकाकी म्हणजे साचलेला मळ आणि गुळगुळीत झालेला पृष्ठभाग. ती पाहून ‘चामडे छान राखले आहे’ असे समजणे उलटेच ठरते.

सफाईला फार सामग्री लागत नाही. आधी मऊ ब्रश लावलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने शिवणी आणि फटी साफ कराव्यात, नाहीतर पुसताना तीच वाळू सीटवर रगडली जाते. मग चामड्यासाठीचा सौम्य क्लीनर थेट सीटवर न ओतता ब्रशवर किंवा स्पंजावर घ्यावा, फेस करून वीतभर भाग हलक्या हाताने घासावा आणि लगेच ओलसर मायक्रोफायबर फडक्याने मळ उचलून घ्यावा. फडके काळे पडायचे थांबले की पुढच्या भागाकडे वळावे. बारीक छिद्रांच्या सीटवर पाणी कमीत कमी वापरावे. आत फोम आणि अनेक गाड्यांत विजेच्या तारा, सेन्सर असतात. चामडे किंचित आम्लधर्मी असते, तर अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. म्हणून तो इथे नको. थिनर, स्पिरिट आणि अल्कोहोलचे सॅनिटायझर लेपाला इजा करू शकतात, आणि डाग झटकन घालवणारा पांढरा ‘मॅजिक’ स्पंज तर लेपच खरवडतो. आठवड्याला कोरड्या मायक्रोफायबरचा एक हात आणि दोन-तीन महिन्यांनी अशी सफाई पुरते. सीट फिकट रंगाची असेल, तर थोडी लवकर करावी.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. कोल्हापुरी चपलेला तेल लावले की ती मऊ पडते आणि टिकते, मग सीटलाच का नको? कोल्हापुरीबाबतचा हा अनुभव खराच आहे. पण ती बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते आणि तिच्यावर प्लास्टिकसारखा थर नसतो, म्हणून तेल थेट तंतूंत शिरते. सीटवर तेच खोबरेल चोळले, तर ते वरच राहते, शिवणींतून जेमतेम झिरपते, काही दिवसांनी खवट होते आणि डाग पाडते. पावसाळ्यात आणखी एक संकट उभे राहते. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत दोन-तीन आठवडे बंद राहिलेल्या गाडीत पांढरी बुरशी धरते. बुरशीला ओलावा आणि खाद्य दोन्ही लागते, आणि खाद्य म्हणून घाम, खाऊचा चुरा आणि हे तेल तिला आयते मिळते. बुरशी दिसलीच, तर दारे उघडून मोकळ्या हवेत, नाकावर मास्क लावून ती पुसावी, वरच्याप्रमाणे सीट साफ करावी आणि ती सावलीत पूर्ण वाळू द्यावी.

मग कंडिशनर निरुपयोगी आहे का? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. काही महागड्या गाड्यांत लेप नसलेले किंवा नाममात्र लेपाचे ॲनिलाइन, सेमी-ॲनिलाइन चामडे असते. जुन्या गाड्यांत लेप विरून तंतू उघडे पडलेले असतात. तिथे कंडिशनर आत जातो आणि उपयोगी पडतो. आपली सीट कोणती, हे नजरेआडच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहता येते: थेंब तसाच टिकला तर लेप धड आहे, शोषला जाऊन डाग गडद झाला तर चामडे उघडे आहे. लेप धड असलेल्या सीटला वर्षातून दोनदा, पावसाळा सरल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, बिनतेलकट संरक्षक लेपाचा पातळ हात पुरेसा आहे. त्याने घर्षण कमी होते आणि पुढचा मळ सहज निघतो. विदर्भातल्या मे महिन्यात मात्र कोणत्याही बाटलीपेक्षा सावलीतले पार्किंग आणि काचेवरचा सनशेड अधिक कामाचे, कारण ऊन आणि उष्णता लेपाला कडक करतात. एकदा पडलेल्या भेगा कुठल्याही क्रीमने सांधत नाहीत, त्यांना भराव आणि नवा रंगच लागतो.

आणखी एक गोष्ट पैसे मोजण्याआधी पाहावी. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या माहितीपत्रकात ‘लेदरेट’ असे लिहिलेले असते. ते कापडावर चढवलेले पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन असते. ‘लेदर सीट’ म्हणून घेतलेल्या गाडीतही कडा आणि पाठीमागचा भाग बऱ्याचदा त्याचाच असतो. त्यात तेल मुरवायला चामड्याचे तंतूच नाहीत, तेव्हा चामड्याचा कंडिशनर त्यावर लावणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. खरे चामडे असो वा लेदरेट, सीटच्या निगेसाठी ठेवलेल्या पैशांतले पहिले पैसे चांगल्या ब्रशवर, दोन फडक्यांवर आणि सौम्य क्लीनरवर खर्च करा. बाटलीचा विचार त्यानंतर, गरज दिसली तरच.