आज्ञावलीची स्वयंचलित चाचणी : बिनचूक कारभाराकडे एक पाऊल

सातबाराचा उतारा, जन्माचा दाखला, शिक्षकांचे वेतन, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती अशी अनेक कामे आज संगणकाच्या साहाय्याने पार पाडली जातात. संगणक स्वतः विचार करीत नाही. त्याला लिहून दिलेल्या सूचनांच्या संचानुसार, म्हणजेच आज्ञावलीनुसार, तो काम करतो. सूचनेत चूक राहिली, तर तीच चूक तो न थकता हजारो वेळा करतो. आणि छापील कागदावर उमटली म्हणून ती सहसा खरी मानली जाते.

अशा विश्वासाची केवढी किंमत मोजावी लागते, हे ब्रिटनमधील एका प्रकरणावरून दिसून येईल. तेथील पोस्ट ऑफिसच्या शाखांत १९९९ पासून ‘हॉरायझन’ ही हिशेबाची संगणक यंत्रणा बसविण्यात आली. तिने दाखविलेल्या तुटीसाठी शाखा चालविणाऱ्या उप-पोस्टमास्तरांना जबाबदार धरण्यात आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काहींना तुरुंगवास घडला. मात्र यंत्रणेतच दोष होते, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. पुढे २०२४ साली संसदेने खास कायदा करून शेकडो जणांची दोषसिद्धी रद्द केली. माणसाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे तपासला जातो, तितक्याच काटेकोरपणे संगणकाचाही तपासला पाहिजे, हा यातील धडा होय.

चाचणी म्हणजे काय?

आज्ञावलीला निरनिराळी माहिती पुरवून अपेक्षित उत्तर मिळते की नाही हे पाहणे, म्हणजे चाचणी. समजा, १ हेक्टर म्हणजे १०० आर जमिनीचे तिघा भावंडांत समान वाटप करावयाचे आहे. दोन दशांश स्थळांपर्यंत हिशेब केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला ३३.३३ आर येतात. त्यांची बेरीज मात्र ९९.९९ आर होते. उरलेली ०.०१ आर, म्हणजे १ चौरस मीटर जमीन जागेवर असते. कागदावरून मात्र नाहीशी होते! ‘सर्व हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राइतकीच आली पाहिजे’ अशी चाचणी घेतल्यास हा दोष तत्काळ उघडकीस येतो.

अशी दहावीस उदाहरणे माणूस हाताने तपासू शकेल. परंतु हजारो उदाहरणे पुनःपुन्हा तपासणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. यासाठी कोणती माहिती द्यावयाची आणि कोणते उत्तर यावयास हवे, हे एकदाच लिहून ठेवतात. मग दुसरी एक आज्ञावली ती सर्व उदाहरणे क्रमाने चालवून पाहते, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडते आणि तफावत आढळेल तेथे खूण करते. यालाच स्वयंचलित चाचणी म्हणतात.

होणारे लाभ

आज्ञावली एकदा तयार झाली की कायमची तशीच राहते, असे नाही. नियम बदलतात, भत्त्यांचे दर बदलतात, नव्या योजना येतात. एका जागी केलेल्या दुरुस्तीमुळे दुसऱ्या जागी सुरळीत चाललेले काम बिघडू शकते. अशा प्रत्येक बदलानंतर जुन्या सर्व चाचण्या पुन्हा घेता येणे, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ होय. यंत्राला कंटाळा नसल्याने क्वचित उद्भवणारे प्रसंगही सुटत नाहीत. उदाहरणार्थ, २००० हे लीप वर्ष होते, परंतु २१०० हे नसेल. तेव्हा २९ फेब्रुवारी ही तारीख कोठे स्वीकारावी व कोठे नाकारावी, हे दर वेळी तपासले जाते. शिवाय दोष वेळीच सापडल्यास दुरुस्ती थोडक्यात भागते. चुकीचे दाखले गावोगाव पोहोचल्यावर मात्र ते परत मागवून दुरुस्त करण्यात कर्मचाऱ्यांचे श्रम खर्ची पडतात आणि नागरिकांनाही हेलपाटे घालावे लागतात.

मर्यादा आणि आपला सहभाग

या पद्धतीला मर्यादाही आहेत. चाचण्या तयार करण्यास आरंभी वेळ व पैसा लागतो. नियम बदलला की त्याही बदलाव्या लागतात. पडद्यावरील मजकूर सामान्य माणसाला समजतो की नाही, हे माणसानेच पाहावे लागते. मुख्य म्हणजे, बरोबर उत्तर कोणते हे यंत्राला ठाऊक नसते. ते महसूल कर्मचारी, शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य अशा प्रत्यक्ष काम जाणणाऱ्यांनीच सांगावयाचे असते. म्हणून नवी आज्ञावली तयार होत असताना रोजच्या कामातील सोपी, तशीच गुंतागुंतीची उदाहरणेही त्यांनी आवर्जून पुरवावीत.

एखादा नागरिक तक्रार घेऊन आला, तर ‘संगणकात असेच आहे’ असे सांगून त्याची बोळवण करू नये. कोणती माहिती भरली, काय उत्तर आले आणि काय यावयास हवे होते, या तीन गोष्टी नोंदवून संबंधितांकडे पाठवाव्यात. तक्रार खरी ठरल्यास या तीन ओळींतूनच एक नवी चाचणी तयार होते. मग एका नागरिकाला सोसावी लागलेली चूक दुसऱ्याच्या वाट्याला येण्यापूर्वीच पकडली जाईल.